गर्भाशयाचा थांबलेला रक्तपुरवठा आणि जीवनसत्त्वं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जनावराच्या गर्भाशयाचं रक्त काही काळ थांबलं आणि मग पुन्हा सुरू झालं, तर त्यातून होणारी इजा जीवनसत्त्वं देऊन कमी करता येते का? पशुवैद्यकाचे विद्यार्थी हे विचारतात, संशोधनात नव्याने उतरलेले विचारतात, आणि गाभण म्हशीच्या पिशवीला पीळ पडून गेलेला पशुपालकही विचारतो. प्रयोगशाळेतल्या उंदरांपुरतं (म्हणजे रॅटपुरतं) उत्तर बऱ्याच अंशी 'हो' असं आहे. अट एकच: रक्त परत येण्याआधी जीवनसत्त्व पेशीत, किंवा निदान शरीरातल्या रक्तात, पोचलेलं हवं. या एका अटीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे या विषयातले बहुतेक गैरसमज झाले आहेत, म्हणून खालच्या उत्तरांत ती पुन्हा पुन्हा येईल.

रक्त थांबल्यावर इजा होते हे समजलं. पण रक्त परत आल्यावर ती वाढते कशी?

रक्त थांबलं की पेशीला ऑक्सिजन मिळेनासा होतो. पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन, एटीपी, संपत जातं, सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो, पेशी फुगते आणि कॅल्शियम आत शिरतं. ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज मोडत राहिल्याने लॅक्टेट साठतं, आम्लता वाढते. इकडे एटीपी मोडत मोडत हायपोझॅन्थिनपर्यंत येतं आणि तिथेच साचतं, कारण पुढच्या टप्प्याला ऑक्सिजन लागतो. मायटोकाँड्रियात सक्सिनेट हे चयापचयातलं रसायन साचत असतं. पेशी या वेळी अडचणीत असते, पण बराच काळ जिवंत असते.

मग रक्त येतं आणि त्याबरोबर ऑक्सिजन. साचलेल्या हायपोझॅन्थिनवर झॅन्थिन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) काम करू लागतं आणि सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचं अतिक्रियाशील रूप तयार होतं. साचलेलं सक्सिनेट झपाट्याने वापरलं जातं, मायटोकाँड्रियाच्या पहिल्या कॉम्प्लेक्समध्ये इलेक्ट्रॉन उलटे फिरतात आणि तिथूनही सुपरऑक्साइड सुटतं. त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. त्याला सुटं लोह मिळालं की हायड्रॉक्सिल मूलक (फ्री रॅडिकल) तयार होतं आणि ते समोर येईल त्याच्याशी अभिक्रिया करतं. सर्वांत आधी पेशीच्या आवरणातली स्निग्धाम्लं सापडतात, आणि एका रेणूची मोडतोड शेजारच्या रेणूला लागत जाते.

हा भडका पहिल्या काही मिनिटांतच उडतो. पुढच्या तासांमध्ये न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, ऊतीत उतरतात आणि आपली रसायनं सोडतात. सूज येते, बारीक वाहिन्या तुंबतात. काही ठिकाणी मोठी धमनी मोकळी होऊनही आतल्या केशिकांत रक्त पोचतच नाही.

कुत्र्यांच्या हृदयावर काम करताना रॉबर्ट जेनिंग्ज आणि सहकाऱ्यांनी 1960 साली हा प्रकार नोंदवला. त्यात मुक्त मूलकांचा हात असल्याचं 1981 मध्ये मांजरांच्या आतड्यावरच्या प्रयोगांतून पुढे आलं. गर्भाशयाकडे संशोधकांचं लक्ष त्यानंतर बऱ्याच वर्षांनी वळलं.

गर्भाशयाच्या बाबतीत अशी वेळ कधी येते?

जनावरांत मुख्य कारण पीळ. गाई-म्हशींत विण्याच्या सुमारास गर्भाशय स्वतःभोवती फिरतं. म्हशींत हे गाईंपेक्षा जास्त आढळतं, आणि त्यांच्यात पीळ बहुतेक वेळा उजवीकडे असतो. तपासणीसाठी हात आत घातला की योनिमार्गाच्या घड्या सरळ न लागता एका बाजूला वळत वळत आत गेलेल्या लागतात, आणि वाट निमुळती होत जाते. पीळ जास्त असेल तर गर्भाशयमुखापर्यंत बोट पोचत नाही.

पीळ पडल्यावर आधी शिरा दाबल्या जातात, कारण त्यांच्या भिंती पातळ असतात. धमन्यांतून रक्त आत येत राहतं, बाहेर जाण्याचा रस्ता मात्र बंद असतो. त्यामुळे पिळाच्या पहिल्या टप्प्यात गर्भाशय फिकं पडत नाही, रक्ताने तुडुंब भरून काळपट जांभळं होतं. पीळ घट्ट झाला की धमन्याही बंद होतात. प्रयोगात चिमट्याने धमनी बंद करणं आणि गोठ्यातला पीळ यांत हा मोठा फरक आहे. प्रयोगाचे निष्कर्ष गोठ्यात आणताना तो सहज विसरला जातो.

माणसांत ही वेळ येते ती गर्भाशय प्रत्यारोपणात आणि काही शस्त्रक्रियांमध्ये रक्तस्राव कमी ठेवण्यासाठी गर्भाशयाच्या धमन्या तात्पुरत्या बंद करतात तेव्हा.

उंदरांवर हा प्रयोग नेमका कसा करतात?

उंदराच्या मादीत गर्भाशयाची दोन लांब शिंगं असतात. प्रत्येक शिंगाला रक्त दोन टोकांकडून मिळतं: खालून गर्भाशयाच्या धमनीतून आणि वरून अंडाशयाच्या धमनीतून. दोन्ही धमन्या शिंगाच्या कडेने एकमेकींना मिळतात. एकच बंद केली तर दुसरी पुरवठा चालू ठेवते आणि प्रयोग फसतो. म्हणून दोन्हीकडे बारीक चिमटे लावतात किंवा शिंगालाच पीळ देऊन तो टाक्याने बांधून ठेवतात. काही जण महाधमनीचा खालचा भाग बंद करतात, पण त्यात मागच्या पायांचंही रक्त थांबतं आणि नंतर दिसणाऱ्या इजेतली गर्भाशयाची किती आणि पायांच्या स्नायूंतून आलेली किती, हे वेगळं काढणं अवघड होतं.

चिमटा लागल्यावर गुलाबी शिंग काही मिनिटांत निस्तेज होतं आणि मग निळसर दिसू लागतं. त्याची मधूनमधून होणारी आकुंचनं मंदावतात. चिमटा काढला की रंग झरझर परततो. आधीच्या गुलाबीपेक्षा तो गडद लाल असतो आणि शिंग हळूहळू फुगतं. नुसतं बघणाऱ्याला सगळं ठीक झालंसं वाटतं. खरी हानी याच वेळी आत सुरू असते.

किमान तीन गट लागतात: फक्त पोट उघडून बंद केलेला, रक्त थांबवून सोडलेला, आणि रक्त थांबवून सोडलेला पण जीवनसत्त्व मिळालेला. चौथा गट फक्त जीवनसत्त्व दिलेला असावा. तो पुष्कळदा गाळला जातो आणि मग ते जीवनसत्त्व निरोगी गर्भाशयावर स्वतः काय करतं हे कळायची सोय राहत नाही.

कोणती जीवनसत्त्वं वापरतात, आणि ती करतात काय?

पहिलं नाव ई. या जीवनसत्त्वाचा शोधच उंदराच्या गर्भाशयातून लागला. 1922 साली हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन स्कॉट बिशप यांना असं दिसलं की विशिष्ट आहारावर वाढवलेल्या माद्यांना गर्भ राहतो, पण तो वाढत नाही, आतच विरून जातो. आहारात पालेभाजी किंवा गव्हाचा अंकुर आला की गर्भ टिकतो. त्या अंकुरातला घटक म्हणजे आजचं ई जीवनसत्त्व. गर्भाशयाच्या इजेचा विचार करताना शंभर वर्षांनी आपण पुन्हा त्याच रेणूकडे यावं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

ई स्निग्धात विरघळतं, त्यामुळे ते पेशीच्या आवरणातच जाऊन बसतं. आवरणातल्या एका स्निग्धाम्लाची मोडतोड दुसऱ्याला लागते ती साखळी ते मध्येच तोडतं. हे करताना ते स्वतः मूलक बनतं आणि त्याला पुन्हा कामाचं करण्याचं काम क जीवनसत्त्व करतं. क जीवनसत्त्वाला पुढे पेशीतल्या ग्लुटाथायोन या रसायनाची मदत लागते. ही तिन्ही एका साखळीतली असल्याने एकट्या ईचा भरमसाट डोस देण्यापेक्षा ई आणि क जोडीने देण्यामागे शास्त्रीय कारण आहे.

क पाण्यात विरघळतं, लवकर रक्तात येतं आणि लवकर बाहेरही जातं. ते सुपरऑक्साइडशी थेट भिडतं, असं पुस्तकात असतं आणि ते खरं आहे. फक्त वेगाचा हिशेब लक्षात घ्यायला हवा. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज (एसओडी) हे शरीराचं स्वतःचं विकर हेच काम क जीवनसत्त्वापेक्षा सुमारे दहा हजार पट वेगाने करतं. नायट्रिक ऑक्साइडही सुपरऑक्साइडला तितक्याच झपाट्याने गाठतं, आणि त्यातून पेरॉक्सिनायट्राइट हे आणखी त्रासदायक रसायन तयार होतं. या शर्यतीत क जीवनसत्त्वाला टिकायचं असेल तर रक्तातलं त्याचं प्रमाण नेहमीच्या कितीतरी पट वर न्यावं लागतं. तोंडाने दिलेल्या गोळ्यांनी तेवढं साधत नाही. ते शिरेतूनच द्यावं लागतं.

डी वेगळ्या वाटेने काम करतं. त्याचे ग्राहक (रिसेप्टर) गर्भाशयाच्या अस्तरातही आहेत. ते दाह वाढवणाऱ्या जनुकांना आवर घालतं, म्हणून त्याचा उपयोग झाला तर नंतरच्या, न्यूट्रोफिलांच्या टप्प्यात होण्याची शक्यता जास्त. ए आणि ब गटातल्या निकोटिनामाइडवरही विचार होतो, पण गर्भाशयापुरतं सांगण्यासारखं त्यांत थोडंच आहे.

उंदीर स्वतःच क जीवनसत्त्व बनवतो. मग त्याला वरून देऊन काय कळणार?

उंदीर, कुत्रा, मांजर, गाय, म्हैस, घोडा हे सगळे आपल्या यकृतात क तयार करतात. माणूस, माकडं आणि गिनीपिग यांना ते जमत नाही, कारण ते बनवणाऱ्या साखळीतलं शेवटचं विकर त्यांच्यात चालत नाही. म्हणजे उंदराला क दिलं तर आधीच भरलेल्या साठ्यात भर पडते. त्यातून फायदा दिसला तर तो मोठ्या, औषधासारख्या डोसाचा परिणाम आहे, कमतरता भरून काढल्याचा नाही. माणसाशी तुलना करायची असेल तर गिनीपिग जास्त योग्य प्राणी आहे. तरी बहुतेक प्रयोग उंदरांवर होतात, कारण ते स्वस्त पडतात, त्यांची शिंगं हाताळायला सोपी असतात आणि माजाचं चक्र चार-पाच दिवसांत पूर्ण होतं.

जीवनसत्त्व कधी द्यायचं: रक्त थांबण्याआधी, थांबलेलं असताना, की सुरू झाल्यावर?

रक्त परत येण्याआधी. भडका पहिल्या मिनिटांचा असेल तर त्यानंतर पोचलेलं औषध फक्त दुसऱ्या, दाहाच्या टप्प्याला थोडंफार रोखू शकेल.

यातही जीवनसत्त्वागणिक फरक आहे. ई तोंडाने दिलं तर ते आतड्यातून स्निग्धाबरोबर शोषलं जाऊन, यकृतातून फिरून, ऊतींच्या आवरणांत पुरेसं मुरायला दिवस लागतात. म्हणून ते आधीचे काही दिवस सुरू ठेवावं लागतं. क चिमटा काढण्याच्या थोडं आधी शिरेतून किंवा पोटात टोचून दिलं तरी चालतं. आणि शिंगाचं रक्त पूर्ण बंद असताना टोचलेलं कोणतंही औषध त्या शिंगात पोचत नाही. ते बाकीच्या शरीरात फिरत राहतं आणि रक्त सुरू होताना त्याच्यासोबत आत शिरतं. म्हणून एखाद्या निबंधात 'इस्किमियाच्या काळात (रक्त थांबलेलं असताना) औषध दिलं' असं लिहिलेलं दिसलं की वेळ मिनिटांत दिली आहे का, ते मी आधी शोधतो.

ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत किंवा प्रत्यारोपणात हे 'आधी' आपल्या हातात असतं. पिळात ते नसतं. जनावर आपल्यापर्यंत येतं तेव्हा पीळ पडून कित्येक तास उलटलेले असतात.

उंदराचा डोस बघून मोठ्या जनावराचा किंवा माणसाचा डोस काढता येतो का?

किलोला किलो लावून नाही. लहान प्राण्याचा चयापचय जलद असतो, म्हणून शरीराच्या पृष्ठफळाचा हिशेब धरतात. उंदराचा दर किलोचा डोस साधारण 6 ने भागला की माणसाचा समतुल्य डोस येतो: उंदराला किलोमागे 100 मिलिग्रॅम म्हणजे माणसाला किलोमागे सुमारे 16 मिलिग्रॅम. हा फक्त चाचणीचा विचार सुरू करण्यासाठीचा अंदाज आहे, उपचाराचा डोस नव्हे. रवंथ करणाऱ्या जनावरांत तर पोटाची रचनाच वेगळी. तोंडाने दिलेल्या क जीवनसत्त्वाचा मोठा भाग रुमेनमधले (पहिल्या पोटातले) जीवाणूच फस्त करतात.

ईच्या बाबतीत एकक तपासावं. कृत्रिम टोकोफेरिल अॅसिटेटचं 1 मिलिग्रॅम म्हणजे 1 आययू (आंतरराष्ट्रीय एकक), तर नैसर्गिक डी-अल्फा-टोकोफेरॉलचं 1 मिलिग्रॅम म्हणजे 1.49 आययू. दोन प्रयोगांची तुलना करताना इथे गफलत होते.

'एमडीए कमी झालं, एसओडी वाढलं' असे निकाल असतात. त्यावरून गर्भाशय वाचलं असं म्हणायचं का?

नाही, आणि माझा या क्षेत्राशी मुख्य वाद इथेच आहे. मॅलोनडायअल्डिहाइड म्हणजे एमडीए हा स्निग्धांच्या मोडतोडीचा अवशेष. तो नेहमीच्या सोप्या पद्धतीने मोजला तर इतरही पदार्थ त्यात धरले जातात. एसओडी, कॅटॅलेज, ग्लुटाथायोन यांचे आकडे इजा झाल्यावर कधी घटतात, तर कधी शरीर प्रतिकार करत असल्याने वाढतात. त्यामुळे वाढही चांगली आणि घटही चांगली, असे दोन्ही अर्थ सोयीने लावता येतात.

गर्भाशयाची स्वतःची एक अडचण आहे, ती हृदय किंवा मूत्रपिंडाला नाही. उंदराचं गर्भाशय दर चार-पाच दिवसांच्या चक्रात बदलत असतं. इस्ट्रोजेन वाढलं की अस्तरात पाणी भरतं, रक्तप्रवाह वाढतो, पांढऱ्या पेशी, विशेषतः इओसिनोफिल, आपोआप आत येतात आणि पेरॉक्सिडेजचं प्रमाण चढतं. म्हणजे सूज, पेशींची गर्दी, पेरॉक्सिडेज या ज्या खुणांवरून आपण इजा मोजतो, त्या माजावर आलेल्या निरोगी मादीतही दिसतात. योनिस्रावाची काचपट्टी तपासून सगळ्या माद्या चक्राच्या एकाच टप्प्यावर घेतल्या नसतील, किंवा अंडाशय काढून संप्रेरकं बाहेरून दिली नसतील, तर त्या प्रयोगाच्या आकड्यांवर मी फारसा भार टाकत नाही.

सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र जास्त बोलकं असतं: अस्तराच्या वरच्या थरातल्या पेशी गळून पडल्या आहेत का, ग्रंथी शाबूत आहेत का, स्नायूच्या थरात रक्त साकळलंय का. पाहणाऱ्याला कोणती पट्टी कोणत्या गटाची हे माहीत नसावं. पण गर्भाशय वाचलं का याचं खरं उत्तर एकच आहे: त्या मादीला नंतर गर्भ राहिला का आणि तो पूर्ण दिवस भरून जन्मला का? उंदरात गर्भकाळ फक्त 21 ते 23 दिवसांचा. इतकं थोडं थांबून हे उत्तर मिळू शकतं, तरी ते शोधणारे प्रयोग कमीच होतात. दोन शिंगांचा इथे मोठा फायदा आहे. एका शिंगाचं रक्त थांबवून दुसरं तसंच ठेवलं तर एकाच मादीत तुलना करता येते.

म्हशीच्या पिशवीचा पीळ सोडवल्यावर जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यावं का?

पीळ लवकर सोडवणं हाच उपचार. जनावराला पिळाच्या बाजूला पाडून, कुशीवर फळी धरून, पिळाच्याच दिशेने लोळवतात, म्हणजे फळीखाली गर्भाशय जागच्या जागी राहतं आणि शरीर फिरून पीळ उलगडतो. हे अनुभवी पशुवैद्यकाचं काम आहे. चुकीच्या दिशेने लोळवलं तर पीळ वाढतो. नाही सुटला तर वेळ न घालवता शस्त्रक्रिया. यासोबत सलाईन, वेदनाशामक आणि सूज उतरवणारी औषधं, गरजेप्रमाणे प्रतिजैविकं.

ई किंवा क पशुवैद्यक जोडीला देत असतील तर हरकत घेण्याचं कारण नाही, पण भरवसा त्यावर ठेवू नये. जीवनसत्त्वाची सोय करण्यात तासभर गेला आणि पीळ तसाच राहिला, तर त्या तासाने झालेली हानी कोणतंही इंजेक्शन भरून काढणार नाही. गाभण जनावर बेचैन आहे, पोटात कळा येतायत, पाणमोट दिसत नाही आणि वेण पुढे सरकत नाही, अशी लक्षणं दिसली की सकाळची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा.

विल्यावर वार (जार) अडकू नये म्हणून ई-सेलेनियम देतात. ते यातलंच का?

त्याचं नातं जवळचं असलं तरी विषय वेगळा. सेलेनियम हा ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराचा भाग आहे, म्हणून ई आणि सेलेनियम एकमेकांना पूरक ठरतात. विण्याच्या साधारण तीन आठवडे आधी दिल्याने वार अडकण्याचं प्रमाण कमी होऊ शकतं, पण तेही मुख्यतः जिथे चाऱ्यात यांची कमतरता आहे तिथे. वार सुटण्यासाठी पांढऱ्या पेशींचं काम नीट व्हावं लागतं आणि या जोडीची मदत तिथे होते. रक्तपुरवठा तुटण्याशी त्याचा थेट संबंध नाही. सेलेनियमची गरज आणि विषबाधा यांतलं अंतर फार थोडं असतं, त्यामुळे ते मनाने देऊ नये.

स्त्रियांच्या बाबतीत याचा काही उपयोग सिद्ध झाला आहे का?

गर्भाशयाच्या या इजेसाठी जीवनसत्त्वं देणं हा आज प्रस्थापित उपचार नाही. आशा आहे ती प्रत्यारोपणात. स्वीडनमध्ये मॅट्स ब्रेनस्ट्रॉम यांच्या चमूने प्रत्यारोपित केलेल्या गर्भाशयातून 2014 मध्ये पहिलं मूल जन्मलं. तेव्हापासून अवयव शरीराबाहेर असतानाचा काळ कसा निभवायचा हा प्रश्न कळीचा झाला. तिथे थंड द्रवात साठवणं आणि वेळ कमीत कमी ठेवणं यांवरच भर असतो. त्या द्रवात अँटिऑक्सिडंट घालता येतात, आणि 'आधी' ही अट तिथे नैसर्गिकपणे पूर्ण होते.

गर्भारपणात मात्र इशारा देणारा अनुभव जमा आहे. वारेचा रक्तपुरवठा कमी पडून होणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियासाठी (गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा आजार) रोज 1000 मिलिग्रॅम क आणि 400 आययू ई देऊन मोठ्या चाचण्या झाल्या. 2006 च्या एका ब्रिटिश चाचणीत आजार टळला नाही, उलट कमी वजनाची बाळं जास्त जन्मली. 2010 मध्ये अमेरिकेत सुमारे 10,000 गर्भवतींवरच्या चाचणीतही फायदा दिसला नाही. प्रयोगशाळेतलं कारण पटण्याजोगं होतं, तरी हे घडलं. म्हणून उंदरांवरचा लेख वाचून कोणी गर्भवतीने मोठ्या डोसाच्या गोळ्या सुरू करू नयेत, असं मी कळकळीने सांगतो.

जास्त दिल्याने अपाय होतो का?

होतो. ई जास्त झालं तर ते के जीवनसत्त्वाच्या कामात आड येतं आणि रक्तस्राव वाढू शकतो. शस्त्रक्रियेच्या तोंडावर हे नको असतं. क सुट्या लोहाच्या सान्निध्यात उलट मूलकंच वाढवू शकतं, आणि त्यातून बनणाऱ्या ऑक्सलेटमुळे मुतखड्याची भीती असते. डी जास्त झाल्यास रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं निकामी होतात. कुत्र्या-मांजरांत हा धोका मोठा आहे. ए जीवनसत्त्वाचा मोठा डोस गाभण काळात गर्भात व्यंग निर्माण करतो.

या विषयावर नवा प्रयोग आखायचा असेल तर कुठून सुरुवात करावी?

माद्या चक्राच्या एकाच टप्प्यावरच्या घ्या. जीवनसत्त्व रक्त सुटण्याच्या किती मिनिटं आधी दिलं ते लिहा, आणि तेच रक्त सुटल्यानंतर दिलेला एक गटही ठेवा. या दोन गटांतला फरक मला कोणत्याही एमडीएच्या तक्त्यापेक्षा जास्त शिकवून जाईल. जीवनसत्त्व ऊतीत खरंच किती पोचलं ते मोजा. नुसता डोस लिहून ते कळत नाही. भूल आणि वेदनाशमन पुरेसं द्या, कारण ते प्राण्याचं देणं आहे, आणि वेदनेने वाढलेली संप्रेरकं रक्तवाहिन्या आकसवून निकालही बिघडवतात. प्राण्यांची संख्या आधी गणिताने ठरवा. गट चिठ्ठ्या टाकून पाडा. नैतिक समितीची मंजुरी मिळाल्याशिवाय पहिला प्राणी हातात घेऊ नका. आणि काही माद्या नराबरोबर ठेवण्यासाठी राखून ठेवा, म्हणजे प्रत्येक शिंगात किती गर्भ रुजले ते मोजता येईल.